क्लॅमिडिया: त्रास होण्याची वाट पाहिली तर उशीर होतो

जुन्या पिढीला खुपऱ्या हा आजार चांगला ठाऊक होता. पापणीच्या आत खरखरीत दाणे यायचे, बरे व्हायचे, पुन्हा यायचे. असं वर्षानुवर्षं चाललं की पापणी आतून आखडायची, तिचे केस बुबुळावर घासायचे आणि शेवटी नजर जायची. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या भारतातून हटल्या. त्या करणारा जंतू मात्र कुठं गेलेला नाही. त्याचं नाव क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. याच जंतूचे ए, बी, सी हे प्रकार डोळ्यांत खुपऱ्या करतात आणि डी ते के हे प्रकार शरीरसंबंधातून जननमार्गात जातात. डोळ्यात काय झालं ते घरच्यांना दिसायचं. पोटात तेच होतं तेव्हा कुणाला दिसत नाही, आणि बहुतेक वेळा जिला होतं तिलाही कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात 15 ते 49 वयाच्या 12 कोटी 85 लाख लोकांना क्लॅमिडियाची नवी लागण झाली. त्या वयोगटातल्या शंभरातल्या साधारण चार बायकांना आणि अडीच पुरुषांना कुठल्याही वेळी हा संसर्ग असतो, असं त्यांचं गणित आहे. एचआयव्हीचं नाव आपल्या गावागावांत पोचलं. बेळगाव जिल्ह्यात त्यासाठी कामही भरपूर झालं, पथनाट्यं झाली, भिंती रंगल्या. क्लॅमिडियाचं नाव मात्र वंध्यत्वाच्या दवाखान्यात बसेपर्यंत बहुतेक जोडप्यांच्या कानावर पडत नाही. मला यातली सगळ्यात चुकीची गोष्ट हीच वाटते. हा आजार सात दिवसांच्या स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. त्याचं नुकसान मात्र गोळ्यांनी भरून निघत नाही.

हा जंतू ओळखायला शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला. 1907 मध्ये जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोघांनी खुपऱ्यांच्या रुग्णांच्या डोळ्यातला स्राव ओरांगउटानांच्या डोळ्यांत घातला आणि नंतर त्यांच्या पेशींमध्ये त्यांना बारीक कणांचे पुंजके दिसले. पुढची पन्नास वर्षं हे कण नेमके काय यावर वाद चालला. नेहमीच्या जंतूंसारखे ते प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नसत, म्हणून त्यांना विषाणूंच्या रांगेत बसवलं गेलं. अखेर चीनमध्ये तांग फेइ-फान यांनी कोंबडीच्या अंड्यात जंतू वाढवून दाखवला, 1957 मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि पुढं खात्री पटवायला तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला. त्यानंतरच्या दशकात ठरलं की हा विषाणू नसून जिवाणूच आहे, फक्त दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला वाढता येत नाही. ठरलं ते बरं झालं, कारण जिवाणू असेल तर अँटिबायोटिक चालतं.

त्याचं जगणं दोन रूपांत चालतं. एक रूप बारीक, टणक, पेशीबाहेर तग धरणारं. मिलिमीटरच्या साधारण तीन हजाराव्या भागाएवढं. ते गर्भाशयाच्या मुखाच्या किंवा मूत्रनलिकेच्या आतल्या पेशीला चिकटतं आणि आत जातं. आत गेलं की दुसरं रूप घेतं: मोठं, नाजूक, भराभर दुभागणारं. पेशीच्या आत त्याची एक पिशवी तयार होते आणि तिच्यात शेकडो जंतू भरतात. दोन-तीन दिवसांत ते पुन्हा टणक रूपात येतात, पेशी फोडून बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात. जोंधळ्यावर पडणारी काणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. कणसातला दाणा बाहेरून दाण्यासारखाच दिसतो, आत मात्र काळी भुकटी भरलेली असते, आणि तो फुटला की भुकटी सगळीकडं उडते.

एक गोष्ट इथं महत्त्वाची आहे. क्लॅमिडिया फारसं विष सोडत नाही, मांस खात नाही. पेशीच्या आड लपून राहत असल्यामुळं शरीराच्या पहारेकऱ्यांना तो पटकन सापडत नाही, म्हणून ताप नाही, ठणका नाही. शंभरातल्या सत्तर-ऐंशी बायकांना काहीच जाणवत नाही. पुरुषांतही निम्म्यांना काही जाणवत नाही. पण हळूहळू शरीर प्रतिकार करू लागतं आणि खरी हानी त्या प्रतिकारातूनच होते. संसर्गग्रस्त पेशी सूज आणणारी रसायनं सोडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, दाह होतो आणि जिथं दाह तिथं नंतर व्रण. खुपऱ्यांमध्ये पापणी आखडायची ती याच व्रणामुळं. एका लागणीनं नजर जात नसे, पुन्हा पुन्हा लागण होऊन जायची.

बाईच्या पोटात हा व्रण धरतो तो गर्भनलिकेत, म्हणजे डॉक्टर जिला नुसतं ट्यूब म्हणतात तिथं. ट्यूबचं तोंड अंडाशयापाशी झालरीसारखं असतं आणि आतल्या अस्तरावर अतिशय बारीक केस असतात. ते एका दिशेनं सतत हलत असतात आणि त्यांच्या हालण्यानंच फलित बीज गर्भाशयाकडं सरकतं. तिथला दाह या केसाळ पेशी मारतो. पुढं दोन गोष्टी होऊ शकतात. ट्यूब पूर्ण बंद झाली तर गर्भ राहत नाही. अर्धवट उघडी राहिली तर बीज आत येतं, फळतं, पण पुढं सरकायला काही नसल्यानं ट्यूबमध्येच रुजतं. ट्यूबमधला हा गर्भ काही आठवड्यांत ट्यूब फोडू शकतो, पोटात रक्तस्राव होतो आणि जीवावर बेततं. पाळी चुकलेली आहे, ओटीपोटात एका बाजूला कळ येते, चक्कर येते, खांदा दुखतो, अशी बाई दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायची.

उपचार न झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण दहा ते पंधरा जणींत संसर्ग वर चढून ओटीपोटाचा दाह होतो. त्यानंतर काय होतं याचं उत्तम उत्तर स्वीडनमधल्या लुंड शहरातून आलं. तिथल्या डॉक्टरांनी 1960 ते 1984 या काळात ज्या बायकांचा ओटीपोटाचा दाह दुर्बिणीतून पाहून पक्का केला होता, त्यांच्याकडं पुढं वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. दाह एकदा झाला तर सुमारे 8 टक्के बायकांना ट्यूब खराब झाल्यामुळं मूल झालं नाही. दोनदा झाला तर 19.5 टक्के, तीनदा झाला तर 40 टक्के. हा दाह एकट्या क्लॅमिडियाचा नव्हता, परमा (गनोरिया) या गुप्तरोगासारखे दुसरे जंतूही त्यात होते. पण प्रत्येक खेपेला आकडा दुपटीनं चढतो हे ध्यानात घेण्यासारखं आहे. एकदा उपचार करून नवरा तसाच राहिला आणि त्याच्याकडून पुन्हा लागण झाली तर काय होतं, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे.

आपल्या भागात ट्यूब बंद असण्याचं खापर मात्र एकट्या क्लॅमिडियावर फोडता येत नाही. भारतात जननमार्गाचा क्षयरोग हेही ट्यूब बंद होण्याचं मोठं कारण आहे. बाळंतपणानंतरचा किंवा गर्भपातानंतरचा संसर्गही ट्यूबपर्यंत जातो. एचएसजी केल्यावर, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून ट्यूबचा एक्स-रे काढल्यावर, ट्यूब बंद दिसते, पण कशानं बंद झाली ते त्या फोटोत लिहिलेलं नसतं.

पुरुषांकडं वळू. लघवीला जळजळ, सकाळी थोडा पातळ स्राव, कधी एका बाजूचं अंड सुजून दुखणं, एवढंच होतं आणि निम्म्यांना तेही नाही. जळजळ झाली की घरात निदान आधीच झालेलं असतं: उन्हाळी लागली. मग धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. उसाच्या फडात किंवा भट्टीवर दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाला खरंच उन्हाळी लागते, यात वाद नाही, आणि भरपूर पाणी प्यायलं की ती एक-दोन दिवसांत जातेही. क्लॅमिडियाची जळजळसुद्धा थोड्या दिवसांनी आपोआप कमी होते, तिथंच फसगत होते. सब्ज्यानं बरं वाटलं असं वाटतं, जंतू मात्र आत तसाच. पुरुषाच्या वंध्यत्वाशी क्लॅमिडियाचं नातं किती घट्ट आहे यावर संशोधकांत अजून एकमत नाही. म्हणून मूल होत नाही तेव्हा तपासणी बाईपासून सुरू करून बाईपाशीच संपवायची, हे समर्थनीय होत नाही. बाईच्या तीन-तीन सोनोग्राफी झाल्यावर सासूबाई म्हणतात, "आता त्याची पण एकदा टेस्ट करून घ्या." ते वाक्य पहिल्या आठवड्यात यायला हवं.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे कुणीतरी बाहेर गेलं होतं का? आणि कधी? खानापूर तालुक्यातली कितीतरी घरं गोव्यातल्या पगारावर चालतात. निपाणी, चिकोडीकडची मुलं पुण्या-मुंबईला, कोल्हापूरच्या एमआयडीसीत, कुणी पलटणीत. नवरा-बायको वर्षातून काही आठवडे एकत्र. अशा घरात एक कागद संसार मोडू शकतो. म्हणून हे नीट सांगायला हवं की रिपोर्ट लागणीची तारीख सांगत नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहरात बायकांवर उपचाराविना लक्ष ठेवून झालेला एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षात सुमारे निम्म्या जणींचा संसर्ग आपोआप गेला होता, दोन वर्षांत 82 टक्के जणींचा, आणि चार वर्षांनी 94 टक्के जणींचा. म्हणजे काही थोड्या जणींत तो वर्षानुवर्षं राहतो. लग्नाआधीचा संसर्ग लग्नानंतर सापडू शकतो, आणि तो त्याचा की तिचा हेही कागदावरून ठरत नाही. एकाचा पॉझिटिव्ह आणि दुसऱ्याचा निगेटिव्ह आला तरी पहिला दोषी ठरत नाही, कारण दुसऱ्याचा आधीच आपोआप गेलेला असू शकतो. संडासाच्या भांड्यातून, टॉवेलातून, तळ्यात पोहून हा येत नाही, हेही खरं. संबंधातूनच येतो. पण कधी आणि कुणाकडून, याचं उत्तर प्रयोगशाळेकडं मागू नये.

आपल्या सरकारी व्यवस्थेत याचं काय होतं ते आता बघू. नॅकोनं, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिकं उघडली. जिल्हा रुग्णालयात ती असतात. औषधांची रंगीत पाकिटं ठरवली, सात प्रकारची. लक्षण पाहायचं आणि त्या रंगाचं पाकीट द्यायचं. मूत्रमार्गातून स्राव किंवा गर्भाशयाच्या मुखाला सूज असेल तर करड्या रंगाचं, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. योनीतून स्राव असेल तर हिरवं, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, त्यात डॉक्सिसायक्लिनसह तीन औषधं. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही पद्धत मोठ्या उपयोगाची आहे आणि पुरुषाच्या स्रावाला ती चांगली लागू पडते. बाईच्या बाबतीत ती गडबडते.

कशी ते पाहा. एक बाई सांगते, "अंगावरून पांढरं जातंय." गर्दी आहे, तपासायला पडदा नाही, समोर कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि ही मराठी, मधे भाषांतर करायला वॉर्डातली आया. आत उपकरण घालून गर्भाशयाचं मुख पाहिलं तरच कळतं की स्राव योनीचा की मुखाचा. पाहिलं नाही तर हिरवं पाकीट मिळतं. आता हिरव्या पाकिटातली नावं पुन्हा वाचा. त्यातलं एकही औषध क्लॅमिडिया मारत नाही. उलट, पांढरं जाण्याच्या बहुसंख्य तक्रारींमागं क्लॅमिडिया नसतोच. बुरशी असते, योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला असतो, किंवा महिन्याच्या मधला साधा नैसर्गिक स्राव असतो. म्हणजे ज्यांना संसर्ग नाही त्या औषधं खातात, ज्यांना आहे त्यांपैकी काहींना चुकीचं पाकीट मिळतं, आणि ज्यांना आहे पण काहीच जाणवत नाही, त्या रांगेत कधी उभ्याच राहत नाहीत. लक्षणांवर चालणाऱ्या पद्धतीला लक्षणंच नसलेला आजार सापडणार कसा?

या धुपणीच्या, म्हणजे पांढरं जाण्याच्या, भीतीचं एक टोक फार वाईट आहे. पांढरं जातंय, कंबर दुखते, पुढं कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं. ऊस फक्त मराठवाड्यात नाही, आपल्याकडंही आहे, आणि तिशीतच पिशवी काढलेली बाई आपल्या गावांतही भेटते. सात दिवसांच्या गोळ्यांचा प्रश्न असेल तर त्यासाठी ऑपरेशन नको, आणि गोळ्यांचाही प्रश्न नसेल तर अजिबातच नको.

कर्नाटकात या आजाराचं मोजमाप झालंय, पण एका वर्तुळात. या शतकाच्या पहिल्या दशकात बेळगावसह राज्यातल्या पाच जिल्ह्यांत शरीरविक्रय करणाऱ्या महिलांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम सुरू झालं आणि आधी-नंतर तपासण्या झाल्या. क्लॅमिडिया किंवा परमा असणाऱ्यांचं प्रमाण 8.9 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आलं. मैसूरमध्ये महिलांनी स्वतः चालवलेल्या कामात 2004 ते 2006 या काळात एकट्या क्लॅमिडियाचं प्रमाण 11 वरून 5 टक्क्यांवर आलं. या महिलांनी तपासणी करून घेतली, कंडोमचा आग्रह धरला आणि आकडे खाली आणले. गावातल्या लग्न झालेल्या बाईची अशी तपासणी कुणी नियमानं करत नाही, कारण ती धोक्याच्या यादीत नाही. यादी बनवणाऱ्यांनी धोका धंद्यावरून मोजला. तो पोचतो नवऱ्याबरोबर.

तपासणी काय असते? जंतूचा अंश शोधणारी, पीसीआरच्या जातकुळीतली. पुरुषाला लघवीचा नमुना द्यायचा, पण लघवीची पहिली धार हवी. साखर किंवा जंतू तपासायला मधली धार घ्यायची सवय असते, इथं ती उलटी. आणि आधी तासभर लघवीला गेलेलं नसावं. बाईसाठी योनीतला कापसाचा बोळा सगळ्यात उत्तम, आणि तो तिनं स्वतः पडद्याआड घेतला तरी डॉक्टरांनी घेतल्याइतकाच विश्वासार्ह असतो. रक्तातल्या अँटिबॉडीच्या तपासणीवर मात्र पैसे घालू नका. ती कधीतरी संसर्ग झाला होता एवढंच सांगते, आज आहे का ते सांगत नाही. आणखी एक गंमत: क्षयरोगासाठी सरकारी दवाखान्यांत बसवलेलं सीबीनॅट यंत्र क्लॅमिडिया आणि परमाही दीड तासात ओळखू शकतं. यंत्र तेच, फक्त आत घालायचं काडतूस वेगळं. ते काडतूस मागवायचा निर्णय व्हायला हवा.

तपासणीसुद्धा फसू शकते. 2006 मध्ये स्वीडनच्या हालांड भागात क्लॅमिडियाचे रुग्ण अचानक पाव टक्का नव्हे, जवळजवळ पाव हिश्श्यानं कमी झाले. आनंद मानण्याऐवजी तिथल्या मंडळींनी शंका घेतली. शोधल्यावर कळलं की जंतूच्या एका नव्या प्रकारानं नेमका तोच जनुकांचा तुकडा गमावला होता ज्यावर दोन प्रचलित तपासण्या बेतलेल्या होत्या. तपासणीला तो दिसतच नव्हता, म्हणून उपचार होत नव्हते, म्हणून तो आरामात पसरत होता. नंतर तपासण्या बदलल्या. आकडा घटला की पाठ थोपटून घेणाऱ्या आपल्या आरोग्य खात्यांनी ही गोष्ट वाचावी असं फार वाटतं.

औषध साधं आहे. डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पूर्वी एकदाच घ्यायची एक ग्रॅम अझिथ्रोमायसिनची मात्रा पहिली पसंती होती, कारण डॉक्टरांच्या समोर गिळून मोकळं होता येतं. जननमार्गाच्या संसर्गात दोन्हींत फार फरक नाही: 2015 च्या अमेरिकेतल्या एका चाचणीत डॉक्सिसायक्लिननं सगळे बरे झाले, अझिथ्रोमायसिननं 97 टक्के. पण गुदमार्गातल्या संसर्गावर ऑस्ट्रेलियातल्या 2021 च्या चाचणीत अझिथ्रोमायसिन 76 टक्क्यांवर अडकलं, म्हणून आता बऱ्याच देशांत डॉक्सिसायक्लिन पुढं आलं. परम्याचा जंतू एकेक औषध पचवत चाललाय. क्लॅमिडियानं अजून तसं केलेलं नाही, ही मोठी सुटका.

गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. लोहाच्या गोळीबरोबर तर घ्यायचीच नाही. आशाताईंनी दिलेली रक्तवाढीची गोळी बऱ्याच जणी घेत असतात. ती आणि ही पोटात एकत्र आली की डॉक्सिसायक्लिन अंगी लागत नाही, दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. उन्हात त्वचा लवकर भाजते, म्हणून रानात जाताना पदर डोक्यावर, अंगभर शर्ट. गरोदर बाईला हे औषध देत नाहीत, तिच्यासाठी अझिथ्रोमायसिन आहे. आणि मेडिकलवाल्याला विचारून परस्पर कुणी काही घेऊ नये, मात्रा डॉक्टरच ठरवतील.

गरोदरपण म्हटलं की बाळाचा विषय येतो. आईच्या जननमार्गात संसर्ग असेल तर बाळंतपणात तो बाळाला लागू शकतो. पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे सुजतात, चिकटतात, पू येतो. घरात काजळ घालतात, आईचं दूध डोळ्यात पिळतात. हे दोन्ही नको, आणि नुसते डोळ्यांचे थेंबही पुरत नाहीत, कारण जंतू बाळाच्या घशात आणि फुप्फुसातही गेलेला असू शकतो आणि एक ते तीन महिन्यांत न्यूमोनिया होऊ शकतो. पोटातून औषध द्यावं लागतं. इथं एक गोंधळ होऊ नये. बेळगावच्या जेएनएमसी या वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी आणि नागपूरच्या केंद्रानं सात देशांच्या एका मोठ्या चाचणीत भाग घेतला होता, तिचा निकाल 2023 मध्ये आला. कळा सुरू झालेल्या 29 हजारांहून जास्त बायकांपैकी निम्म्यांना अझिथ्रोमायसिनची दोन ग्रॅमची एकच मात्रा दिली, तर बाळंतिणीला जंतुदोष होणं किंवा तिचा मृत्यू यांचं प्रमाण 2.4 वरून 1.6 टक्क्यांवर आलं. औषध तेच, पण ती चाचणी क्लॅमिडियासाठी नव्हती. कळांमध्ये ते औषध मिळालं म्हणून क्लॅमिडियाची काळजी मिटली असं धरू नये, नवरा तर तसाच राहिलेला असतो.

मग सगळ्याच तरुण बायकांची दरवर्षी तपासणी करावी का? अमेरिकेत पंचवीस वर्षांखालच्या बायकांची करतात. सिॲटलमधल्या 1996 च्या अभ्यासात तपासणीला बोलावलेल्या गटात ओटीपोटाचा दाह निम्म्याहून कमी झाला होता. पण लंडनमधल्या विद्यार्थिनींवरच्या 2010 च्या अभ्यासात फरक बराच कमी दिसला: 1.9 टक्क्यांऐवजी 1.3 टक्के, आणि तो योगायोगही असू शकतो इतपतच. वर दाह झालेल्या बहुतेक जणी सुरुवातीच्या तपासणीत निगेटिव्ह होत्या. म्हणजे एकदा तपासून वर्षभर निर्धास्त राहता येत नाही. इंग्लंडनं 2021 मध्ये धोरण बदललं आणि संसर्ग मोजण्यापेक्षा बायकांचं नुकसान टाळण्यावर भर दिला. आपल्यासारख्या ठिकाणी सरसकट तपासणी परवडेल असं मला वाटत नाही. पण वर्षभर प्रयत्न करून दिवस न राहिलेलं जोडपं, गरोदर बाई, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त दिसणारी बाई, आणि जोडीदाराला लक्षणं असलेलं कुणीही, यांना ती मागितल्यावर मिळायलाच हवी.

लसही येईल कदाचित. 2019 मध्ये लंडनला 35 बायकांवर एका लसीची पहिली चाचणी झाली आणि ती सुरक्षित निघाली. पण 1960 च्या दशकातल्या खुपऱ्यांच्या लसीनं माकडांच्या डोळ्यांचा दाह उलट वाढवला होता, त्यामुळं संशोधक जपून पावलं टाकतात. ऑस्ट्रेलियातल्या कोआलांना त्यांच्या जातीच्या क्लॅमिडियासाठी 2025 मध्ये लस मंजूर झाली. माणसाला अजून नाही. तोवर कंडोम.

आता शेवटचं, व्यवहाराचं. पॉझिटिव्ह आलं तर दोघांनी औषध घ्यायचं, दुसऱ्याला काही होत नसलं तरी, आणि गेल्या दोन महिन्यांतल्या प्रत्येक जोडीदाराला कळवायचं. त्यानंतर सात दिवस संबंध नाहीत, आणि हे सात दिवस ज्यानं नंतर औषध सुरू केलं त्याच्यापासून मोजायचे. बायकोचा कोर्स बेळगावात गणपतीआधी संपला आणि नवरा मडगावहून सुट्टीवर औषधाविनाच आला, तर तिचा कोर्स फुकट गेला. त्यानं तिथंच जिल्हा रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक गाठावं. बोलायला संकोच वाटला तर 1097 वर फोन करून जवळचं केंद्र विचारता येतं, फोन फुकट आहे. औषध संपल्यावर चार आठवड्यांच्या आत पुन्हा तपासणी करू नये, मेलेल्या जंतूंचे अंश सापडून रिपोर्ट खोटाच पॉझिटिव्ह येऊ शकतो. तीन महिन्यांनी दोघांनी एकदा करावी. गरोदर बाईनं मात्र चार आठवडे झाले की लगेच, आणि तीन महिन्यांनी पुन्हा.